मरोळचं रुग्णालय विकायचा अधिकार कुणाला? सेव्हन हिल्सचं प्रकरण आणि कलम ९२

मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाकडे मुंबईकरांचं लक्ष दोनदा गेलं. नोव्हेंबर २०११ मध्ये बच्चन घराण्यात नात जन्मली, तेव्हा फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी उसळली होती. पुढे मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि पालिकेच्या रुग्णवाहिका तिथे लागू लागल्या. या दोन्हींच्या मधली एक तारीख मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नाही. १५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे रुग्णालय नव्या मालकाच्या हाती सोपवणारी योजना रद्द केली. बातमी आतल्या पानांत गेली, कारण मथळ्यात 'दिवाळखोरी संहिता' हे शब्द होते आणि ते वाचून माणूस पान उलटतो.

वास्तविक सार्वजनिक रुग्णालय विकायचा, भाड्याने द्यायचा किंवा बंद करायचा अधिकार मुंबईत नेमका कुणाकडे आहे, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. कर्ज बँकांचं थकलेलं, कंपनी विशाखापट्टणमची, न्यायाधिकरण हैदराबादचं, घ्यायला आलेला उद्योगपती अबू धाबीचा. जमीन तेवढी मुंबई महापालिकेची. त्या 'तेवढी'ला कायद्यात किती वजन आहे, एवढाच खरा प्रश्न होता.

करार काय होता

२० डिसेंबर २००५ ला महापालिका आणि सेव्हन हिल्स हेल्थकेअर यांच्यात करार झाला. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये पालिकेच्या जमिनीवर कंपनीने १५०० खाटांचं रुग्णालय बांधायचं, चालवायचं आणि पालिकेला जमिनीचं भाडं द्यायचं. भाडेपट्टा ३० वर्षांचा. बदल्यात २० टक्के खाटा पालिकेने पाठवलेल्या रुग्णांसाठी, पालिकेच्या दराने.

आकडा कागदावर केवढा मोठा होता ते पाहा. पालिकेच्याच परळच्या केईएम रुग्णालयात तेव्हा सुमारे १८०० खाटा होत्या. म्हणजे जवळजवळ केईएमएवढं रुग्णालय पालिकेच्या तिजोरीतून बांधकामाचा खर्च न होता पूर्व उपनगराच्या वेशीवर उभं राहणार होतं. आणि १५०० चे २० टक्के म्हणजे ३०० खाटा, उपनगरातलं एक अख्खं पालिका रुग्णालयच. विमानतळ, एमआयडीसी, सीप्झ आणि त्यांच्या आजूबाजूच्या वस्त्या यांच्या मधोमध. ज्यांना आजवर पालिकेच्या कूपर रुग्णालयात किंवा थेट सायनला रिक्षा-लोकल करत जावं लागत होतं, त्यांना ही चालत जाण्यासारखी जागा.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती आधीच दूर करतो. धर्मादाय रुग्णालयांतल्या २० टक्के खाटांशी या २० टक्क्यांचा काही संबंध नाही. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१अअ लागू होतं. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही योजना उच्च न्यायालयाने घालून दिली आणि ती २००६ पासून चालू आहे. ट्रस्टची जमीन-इमारत विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मरोळचं तसं नव्हतं. तिथे खाटा करारातून येत होत्या. करार टिकला तर खाटा टिकणार. अशा ३०० खाटांना कायद्याचं नाही, कराराच्या एका कलमाचं संरक्षण असतं, आणि ते किती कच्चं असतं ते पुढे दिसेलच.

बांधकामाला ठरलेली मुदत होती. ते पूर्ण झालं की भाडेपट्ट्याचा रीतसर दस्त करायचा, असं ठरलं होतं. मुदत उलटली. इमारत उभी राहिली, रुग्णालय सुरूही झालं, पण १५०० खाटा काही झाल्या नाहीत. भाडं थकलं. दस्त झालाच नाही. हा न झालेला दस्त पुढे महत्त्वाचा ठरला: कंपनीच्या हातात ३० वर्षांचा पट्टा नव्हता, पट्टा मिळण्याचं वचन देणारा करार होता.

जानेवारी २०१८ मध्ये पालिकेने कारणे दाखवा नोटीस काढली, करार का रद्द करू नये म्हणून. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, मार्च २०१८ मध्ये, बँकेच्या अर्जावर हैदराबादच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध नादारीची, म्हणजे दिवाळखोरीची, प्रक्रिया सुरू केली.

घरमालकाचे हात बांधले जातात

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची. तिचं कलम १४ लागू झालं की स्थगिती सुरू होते. त्या काळात कंपनीवर दावा नाही, वसुली नाही, आणि कंपनीच्या ताब्यातली मालमत्ता खऱ्या मालकालाही परत घेता येत नाही. हेतू समजण्यासारखा आहे. दुकान चालू राहिलं तर त्याला गिऱ्हाईक मिळेल, सगळे आपापलं सामान उचलून नेऊ लागले तर उरणार काय?

मुंबईतल्या दुसऱ्या एका सार्वजनिक संस्थेला हे कलम महागात पडलं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, ज्याला लोक पत्राचाळ म्हणतात, म्हाडाने पुनर्विकासासाठी दिलेली जमीन नादारीत गेलेल्या विकासकाच्या ताब्यात होती. स्थगिती असेपर्यंत म्हाडाला ती काढून घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. सेव्हन हिल्सच्या निकालानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. दोन्ही जमिनी सरकारी यंत्रणांच्या, दोन्ही कंपन्या बुडीत, तरी एक हरली आणि एक जिंकली. कारण प्रश्न वेगळे होते. म्हाडाचा प्रश्न होता: प्रक्रिया चालू असताना मला माझी जमीन परत घेता येईल का? पालिकेचा होता: प्रक्रिया संपताना माझी जमीन मला न विचारता तिसऱ्याला देता येईल का? पहिल्यात मालकाने थोडं थांबायचं असतं. दुसऱ्यात मालकाचा हक्कच जात असतो.

तर मरोळकडे परत. धनको बँकांच्या समितीपुढे योजना आली ती अबू धाबीत व्यवसाय उभारलेल्या डॉ. बी. आर. शेट्टी यांच्या 'शेट्टीज न्यू मेडिकल सेंटर' या कंपनीची. रक्कम सुमारे १००० कोटी रुपयांच्या घरातली, त्यात पालिकेच्या वाट्याला साधारण १०२ कोटी. बँकांनी योजना मान्य केली, हैदराबादच्या न्यायाधिकरणाने शिक्का मारला. पालिका अपिलीय न्यायाधिकरणात गेली, तिथेही हरली.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं. संहितेचं कलम २३८ सांगतं, इतर कुठल्याही कायद्यात काहीही म्हटलेलं असो, ही संहिता वरचढ. कलम ३१ सांगतं, मंजूर झालेली योजना सर्व संबंधितांवर बंधनकारक. त्यात ऑगस्ट २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ज्यांची देणी आहेत अशी केंद्र सरकार, राज्य सरकारं आणि स्थानिक प्राधिकरणं यांचा उल्लेखही स्पष्ट झाला. मग महापालिका कोण मोठी लागून गेली? १८८८ चा कायदा २०१६ च्या संहितेपुढे कसा उभा राहणार?

मासे, फळं आणि सभागृह

त्यासाठी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ९२ उघडावं लागतं. महापालिकेच्या मालमत्तेची विल्हेवाट कोण आणि कशी लावू शकतं, ते त्यात आहे. मी विद्यार्थ्यांना हे कलम शिकवतो तेव्हा पहिलं वाक्य वाचल्यावर वर्गात हसू फुटतं. आयुक्तांना स्वतःच्या अधिकारात पालिकेची स्थावर मालमत्ता एका वेळी १२ महिन्यांपर्यंत भाड्याने देता येते, आणि त्यात मासे धरण्याचा किंवा झाडांची फळं काढून नेण्याचा हक्कही येतो. तलाव, आमराया, ताडीमाडीची झाडं यांच्या मुंबईत लिहिलेला कायदा आहे तो. पण हसून झाल्यावर त्याचा अर्थ लागतो: आयुक्ताच्या एकट्याच्या सहीची धाव एका हंगामापुरती. यंदाचे आंबे त्याने द्यावेत, बाग देऊ नये.

बाग द्यायची तर त्याच कलमाचा (क) खंड. महापालिकेच्या मंजुरीने आयुक्त पालिकेची कोणतीही जंगम वा स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देऊ शकतो, विकू शकतो किंवा अन्यथा हस्तांतरित करू शकतो.

सगळी मेख 'महापालिकेच्या मंजुरीने' या शब्दांत आहे. आपण बोलताना 'पालिकेने खड्डे बुजवले', 'पालिकेने नोटीस दिली' असं म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर असतं वॉर्ड ऑफिस, इंजिनीयर, आयुक्त. कायद्याच्या भाषेत हे सगळं महापालिका नव्हे. अधिनियमाचं कलम ४ महापालिका प्राधिकरणांची यादी देतं, त्यात महापालिका वेगळी, स्थायी समिती वेगळी, जमीन-मालमत्तेचे विषय पाहणारी सुधार समिती वेगळी आणि आयुक्त वेगळा. महापालिका म्हणजे सभागृहात बसलेले लोकनियुक्त सदस्य, आजच्या घडीला २२७ प्रभागांतून आलेले. आयुक्त राज्य सरकारने नेमलेला. एक ठरवतं, दुसरा अंमल करतो. मालमत्तेच्या बाबतीत तर दुसऱ्याने पहिल्याकडे पत्र लिहून परवानगी मागायची आणि वाट पाहायची.

ही वाट कशी असते, ते पालिका मुख्यालयात हेलपाटे घातलेल्यांना माहीत आहे. आयुक्तांचं पत्र सुधार समितीच्या विषयपत्रिकेवर येतं. समिती ते मंजूर करते, राखून ठेवते, फेरविचारासाठी प्रशासनाकडे परत पाठवते किंवा दप्तरी दाखल करते. दप्तरी दाखल म्हणजे नाही म्हणणंच, फक्त सभ्यपणे. समितीतून पार झालं तर विषय सभागृहापुढे. तिथून ठराव क्रमांक मिळाला की मगच आयुक्ताची सही चालते. वेळखाऊ आहे, त्यात सौदेबाजी होते, कधीकधी ठराव का अडला याची खरी कारणं इतिवृत्तात कधीच सापडत नाहीत. पण सार्वजनिक मालमत्ता हातची जाण्याआधी निदान तिच्याबद्दल खुली चर्चा व्हावी, हा १८८८ च्या त्या कंटाळवाण्या वाटेचा हेतू आहे.

सेव्हन हिल्सच्या योजनेला अशा ठरावाचं पाठबळ नव्हतं. न्यायाधिकरणात पालिकेच्या वतीने कोण काय बोललं, कुठल्या बैठकीला कोणता अधिकारी बसला, त्याला किती रकमेचं आश्वासन मिळालं, यातल्या कशानेही ही जागा भरून निघत नाही. एखादी गोष्ट विशिष्ट रीतीने करायची असं कायदा सांगत असेल, तर ती त्याच रीतीने करायची, नाहीतर करायचीच नाही. हे प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, काळापासून चालत आलेलं तत्त्व न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी लिहिलेल्या निकालात कलम ९२ आणि त्याला जोडून येणाऱ्या ९२अ ला लावलं.

निकालाचा गाभा दोन-तीन वाक्यांत सांगता येतो. कलम २३८ चा वरचष्मा कर्जदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपुरता. जमीन कर्जदाराची नाही, त्रयस्थ पालिकेची आहे. आपल्या मालमत्तेचं काय व्हावं यावर नियंत्रण ठेवणं हा पालिकेचा हक्क तर आहेच, पण त्याहून पुढे जाऊन ते तिचं सार्वजनिक कर्तव्य आहे, आणि संहिता ते पुसू शकत नाही. तेव्हा कलम ९२ व ९२अ खालची मंजुरी नसताना पालिकेचा आक्षेप डावलून तिच्या जमिनीवर नवा हक्क निर्माण करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नव्हता. दोन्ही न्यायाधिकरणांचे आदेश रद्द.

माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा शब्द 'कर्तव्य'. हक्क सोडून देता येतो. एखादा आयुक्त उद्या म्हणाला असता की आमची हरकत नाही, १०२ कोटी द्या आणि मोकळे व्हा, तर हक्क म्हणून पाहिल्यास विषय संपला असता. कर्तव्य तसं सोडता येत नाही, कारण ते ज्यांच्यासाठी आहे ते लोक त्या बैठकीत नसतात. आणखी एक बारकावा: थकलेल्या भाड्यापुरती पालिका इतरांसारखीच धनको, तिथे योजनेत मिळेल ते घ्यावं लागेल. जमिनीपुरती ती मालक. एकाच पक्षाच्या या दोन टोप्या न्यायाधिकरणांनी एकच समजल्या होत्या.

पुढच्या घडामोडींनी या प्रकरणाला एक उपरोधिक वळण दिलं. शेट्टी यांनीच उभारलेली आणि लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली एनएमसी हेल्थ ही कंपनी एप्रिल २०२० मध्ये हिशेबांतल्या गडबडीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली. मरोळची योजना दुसऱ्या कंपनीची होती, तेव्हा सरळ निष्कर्ष काढणं बरोबर नाही. तरी कोविडच्या पहिल्या लाटेत या रुग्णालयाच्या मालकीचे कागद अबू धाबीच्या भानगडीत अडकले असते तर काय झालं असतं, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

जमीन वाचली, खाटांचं काय?

इथवर वाचून पालिका जिंकली म्हणून टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण मला हे प्रकरण शिकवताना खरी अडचण इथून पुढे येते. निकालाने विक्री अडवली. रुग्णालय चालू ठेवलं नाही. तसं करण्याचा तो दावाच नव्हता.

२०१८ पासून नादारी, त्याआधी थकबाकी. या सगळ्या वर्षांत ठरलेल्या १५०० पैकी फार थोड्या खाटा वापरात होत्या. कुणी कुठे 'रुग्णालय बंद करावे' असा ठराव मांडला नाही. कुणी मतदान केलं नाही. तरी एक एक विभाग आटत गेला. ज्या ३०० खाटांच्या बदल्यात जमीन दिली होती, त्या आपल्याला कधी मिळाल्याच नाहीत हे मरोळ पाइपलाइनच्या रहिवाशांना कळवायलाही कुणी आलं नाही.

कायदा चाळून पाहा. विकायला कलम ९२ आहे. बंद करायला कलम नाही.

त्याच्या जवळपास येणारं म्हणजे कलम ६१, पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी. सार्वजनिक रुग्णालयं व दवाखाने स्थापन करणं, चालवणं आणि वैद्यकीय मदतीच्या इतर उपाययोजना करणं यांसाठी पुरेशी तरतूद करणं पालिकेवर बंधनकारक आहे. कलम ६३ मधल्या ऐच्छिक कामांसारखं हे मर्जीवर सोडलेलं नाही. पण 'पुरेशी' म्हणजे किती? कुठे? अमुक इमारतीतलं अमुक रुग्णालय चालूच ठेवा, असं कलम ६१ म्हणत नाही. उद्या एखादं रुग्णालय बंद पडलं आणि रहिवासी न्यायालयात गेले, तर प्रशासन सांगणार की जोगेश्वरीला ट्रॉमा केअर आहे, कूपर आहे, बससेवा आहे, तरतूद पुरेशी आहे. आर्थिक चणचण हे आरोग्यसेवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात बजावलं आहे. ते रुग्णाच्या बाजूने वापरता येतं. एका विशिष्ट इमारतीच्या बाजूने वापरणं कठीण.

शिवाय बंद करण्याचे इतके मार्ग आहेत, ज्यांना ठराव लागतच नाही. कलम ३५४ घ्या. इमारत धोकादायक असेल तर ती रिकामी करायची नोटीस याच कलमाखाली निघते. संरचनात्मक तपासणीत इमारत 'सी-१' गटात बसली की माणसं बाहेर काढायची, वाद झाला तर तांत्रिक सल्लागार समिती. हे सगळं प्रशासनाच्या पातळीवर होतं. रुग्णालयाची इमारत असली तरी मार्ग तोच. जीव वाचवण्यासाठी ही तरतूद हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण रिकामी झालेली इमारत पुन्हा कधी उभी राहणार, तोवर तिथल्या खाटा कुठे जाणार, हे त्या नोटिशीत लिहिण्याचं बंधन नसतं. भरती थांबवणं हा आणखी सोपा मार्ग. निवृत्त झालेल्या परिचारिकेची जागा भरायची नाही, भूलतज्ज्ञ कंत्राटी ठेवायचा आणि त्याचं कंत्राट वाढवायचं नाही. शस्त्रक्रियागृह आपोआप बंद. केसपेपर काढायची खिडकी मात्र उघडी, म्हणजे कागदोपत्री रुग्णालय चालू.

मरोळमध्येच दुसरं उदाहरण आहे. १७ डिसेंबर २०१८ ला एमआयडीसीतल्या कामगार विमा रुग्णालयाला आग लागली, माणसं दगावली, आणि रुग्णालय बंद करावं लागलं. ते पालिकेचं नव्हे, केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं. म्हणजे तिथे कलम ९२ ही नाही आणि सभागृहही नाही. १९४८ चा वेगळा कायदा, निर्णय दिल्लीत. सेव्हन हिल्स न्यायाधिकरणात आणि कामगार रुग्णालय आगीनंतर बंद, असं अंधेरी पूर्वने एकाच वेळी पाहिलं. पोटात दुखणाऱ्या माणसाला यातलं कुठलं रुग्णालय कुणाच्या अखत्यारीत येतं, याच्याशी काय देणंघेणं?

आणि मार्च २०२० मध्ये उलट घडलं. राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे अधिकार आले, आणि ज्या इमारतीच्या मालकीवर दोन वर्षं खल चालला होता तिच्यात थोड्याच दिवसांत विलगीकरण कक्ष उभे राहिले. पालिकेचे डॉक्टर, पालिकेच्या परिचारिका. इमारत तीच होती, लिफ्ट त्याच होत्या.

सभागृहच नसेल तर

आता या प्रकरणाचा तो भाग, ज्याची चर्चा वकील मंडळी कमी करतात.

सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाच्या मंजुरीला एवढं वजन दिलं, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक. महापालिकेचे, स्थायी समितीचे, सुधार समितीचे अधिकार त्याच्याकडे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, कलम ९२ खालचं पत्र लिहिणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच माणूस होता. आयुक्त म्हणून प्रस्ताव, प्रशासक म्हणून ठराव. ठरावाला क्रमांक मिळतो, इतिवृत्त होतं, कायद्याने काही उणं राहत नाही. 'ठरलेल्या रीतीने किंवा मुळीच नाही' हे तत्त्वही पाळलं जातं, कारण रीत पूर्ण झालेली असते. पत्र आणि ठराव यांच्या मधलं अंतर तेवढं नाहीसं झालेलं असतं.

त्याच काळात, २०२५ मध्ये, गोवंडी-मानखुर्द भागातल्या पालिका रुग्णालयांसाठी खासगी भागीदार शोधण्याच्या हालचाली झाल्या आणि कर्मचारी संघटना, आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले. त्या वेळच्या चर्चांत एक वाक्य वारंवार ऐकू येई: 'आम्ही विकत नाही, फक्त चालवायला देतोय.' अशाच एका बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या बाई उठून म्हणाल्या, "साहेब, चाळीतली खोली पण आम्ही पागडीनं चालवायलाच दिली होती. तिसरी पिढी राहतेय." साहेबांना उत्तर सुचलं नाही.

त्या बाईंच्या बोलण्यात कायद्याचा मुद्दा होता. 'चालवायला देणं' हा भाडेपट्टा आहे की केवळ सेवेचं कंत्राट, यावर विषय कुठल्या टेबलावर जाणार ते ठरतं. जागेत हक्क निर्माण होत असेल तर कलम ९२, सुधार समिती, सभागृह. नुसतं कंत्राट असेल तर कलम ६९ आणि पुढची कलमं, म्हणजे स्थायी समिती. एकाच व्यवहाराला कोणतं नाव द्यायचं हे मसुदा लिहिणारा ठरवतो, आणि नाव ठरलं की चर्चेची खोली आणि खोलीतली माणसं ठरतात. करारात मुदत १० वर्षं आहे की ३०, भागीदाराला जागा गहाण ठेवता येते का, त्याने उभारलेलं बांधकाम कुणाचं, तो नादार झाला तर काय, हे वाचल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नये. सेव्हन हिल्सचा २००५ चा करारही रुग्णालय विकण्याचा करार नव्हता. तरी १३ वर्षांनी बँका त्याच्यावरच बोली मागवून बसल्या.

सभागृह असलं की सगळं आलबेल होतं, असा माझा दावा नाही. २००५ मध्ये सभागृह भरलेलं होतं. तरीही ज्या करारात खाटा न दिल्यास त्या लगेच वसूल करण्याचा हमखास मार्ग नव्हता, तो करार झालाच. नगरसेवकांनी प्रश्न विचारले असतील, नसतील. वर्षानुवर्षं खाटांचा हिशेब न मिळूनही करार चालू राहिला, हे वास्तव. फरक एवढाच की सभागृहात विषय आला तर विरोधी बाकावरचा एखादा माणूस कागद मागतो आणि तो कागद बाहेर येतो.

एखाद्या वापराचं आरक्षण बदलायचं तर अजून एक कुलूप असतं. विकास आराखड्यात भूखंडावर रुग्णालयाचं आरक्षण असेल, तर मालकी कुणाचीही होवो, तिथे दुसरं काही बांधायला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. सूचना-हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची. हरकती नोंदवायला एक महिना मिळतो. जाहिरात कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, ती मात्र शोधावी लागते.

आता सभागृह पुन्हा भरलं आहे. प्रशासकाच्या काळात झालेले ठराव कायद्याने महापालिकेचेच ठराव आहेत, ते आपोआप पुसले जात नाहीत. त्यांच्या जोरावर झालेले करार तर नाहीतच. आपल्या वॉर्डातल्या रुग्णालयाबद्दल कुणाला शंका असेल, तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: आयुक्तांच्या पत्राचा क्रमांक, तो विषय कोणत्या कलमाखाली मांडला ते, आणि ठरावाची तारीख. तारीख ८ मार्च २०२२ नंतरची आणि निवडणुकीआधीची असेल, तर पत्रावरची सही आणि ठरावावरची सही शेजारी ठेवून पाहावी.